मधल्या विमानतळावरचा मुक्काम

दादांनी उभी हयात लांब पल्ल्याची बस चालवली. त्यामुळे परदेशातल्या मुलीने फोनवर प्रवास समजावला तेव्हा त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"दोन विमानतळांत अंतर नऊ हजार किलोमीटर, बाबा. सरळ उडालं तर अकरा तास. पण सरळ विमानच नाही. वळसा घालून यायचं, मध्ये उतरून दुसरं धरायचं. सगळं मिळून चोवीस तास."

"म्हणजे उरलेला वेळ बसून माशा मारायच्या?"

"आईला झेपेल ना?"

"मला काय धाड भरलीय!" दादांची बायको मागून ओरडली.

दोघं मधल्या विमानतळावर पोचले तेव्हा सकाळ होती. दुसरं विमान संध्याकाळचं. बायको बूट काढून खुर्चीवर मांडी घालून बसली. दादा मात्र वेळांचा फलक बघायला सारखे उठत होते.

"अहो, बसा की! आज गाडी दुसऱ्याच्या हातात आहे."

ते बसले. काचेपलीकडे विमानं रांगत होती. मग त्यांच्या लक्षात आलं, संसारात हिच्याशेजारी असं निवांत आपण कधी बसलोच नव्हतो. ते घरी येत तेव्हा ती शिवणकामाच्या कारखान्यात निघालेली असे. ती परते तेव्हा ते पुन्हा रस्त्यावर.

"एक सांगू? रागावणार नाही ना?" ती म्हणाली. "लग्नाला वर्षही झालं नव्हतं. तुम्ही दिवसच्या दिवस गायब. मी रजा टाकली, तोंडाला स्कार्फ गुंडाळला आणि तुमच्याच बसमध्ये मागे बसले. शेवटच्या स्टॉपपर्यंत गेले, तशीच परत आले."

दादांचा आ वासलेला. "आणि मला दिसली नाहीस?"

"आरशात कितीदा तरी बघितलंत. पण तुमचं सगळं लक्ष रस्त्यावर."

"आणि कंडक्टर?"

"त्याने तिकीट फाडतानाच ओळखलं. मी ओठांवर बोट ठेवलं."

"लेकाचा निवृत्त झाला, पण बोलला नाही! पण का गं असं?"

"दिवसभर तुम्ही डोळ्यांसमोर राहावं म्हणून. पाठ तर पाठ."

दादा उठून दोन कॉफ्या घेऊन आले. तिचा कप त्यांनी आधी फुंकर मारून दिला, तशी ती खुदकन हसली. मग दोघं त्या लांबलचक इमारतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरले. सरकत्या पट्ट्यावर उगाचच दोनदा गेले. बोलणं संपत नव्हतं. विमानाची घोषणा झाली तेव्हा "एवढ्यात?" असं दादाच म्हणाले.

मुलीने दोघांना घराच्या दारातच मिठी मारली. "अंगाचं पार भुसकट झालं असेल! परतीला मधला थांबा तासाभराचाच असेल असं तिकीट शोधते."

बायको बुटाच्या नाड्या सोडण्यात गुंतली. दादांनी घसा खाकरला.

"राहू दे गं," ते म्हणाले. "तेच बरं आहे. लांब थांब्याचं."

मुलगी दोघांकडे बघतच राहिली.