वीस फेऱ्या, मग बाजू बदल

गल्लीतल्या कुणाचीही गाडी खोकली तर मिस्त्री भरल्या ताटावरून उठेल, पण बायकोची व्हॅन मात्र कायम रांगेत शेवटची. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. बायको शाळेच्या मुलांची ने-आण करायची. "अहो, सुई वर जातेय, गाडी तापतेय," असं तिने तीनदा सांगितलं आणि तीनदा मिस्त्रीने "बघू" म्हटलं. चौथ्यांदा सांगायची वेळच आली नाही. भर चौकात व्हॅनमधून वाफेचा लोट उठला, चौदा मुलं टाळ्या पिटत खाली उतरली आणि बायको उरलेला रस्ता त्यांना घेऊन पायी गेली.

बरं तर बरं, दुसऱ्या दिवसापासून सुट्टी लागली. पण पुढच्या सोमवारी शाळा उघडणार होती. मुलांच्या आयांनी साफ सांगितलं होतं की सोमवारी व्हॅन दारात दिसली नाही तर त्या दुसरी गाडी लावतील. हे काम तिने स्वतः घरोघर फिरून, एकेक आई पटवून मिळवलेलं होतं. या वेळी ती भांडली नाही. नुसती गप्प राहिली, आणि मिस्त्रीला त्याचीच धास्ती बसली.

इंजिन उघडलं तर वरचं हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं गॅस्केट जळालेलं, आणि तापून तापून दोघांची तोंडं वाकलेली. हेड मशीनवर घासून आलं. ब्लॉकची पाळी आली आणि मशीनच बंद पडलं. सुटा भाग यायला पंधरा दिवस!

"काही अडत नाही. हाताने घासतो," मिस्त्री म्हणाला. "तीस वर्षांचा हात आहे हा."

शुक्रवारी सकाळी त्याने भोकाभोकांत चिंध्या कोंबल्या, कुठे घासलं जातंय ते कळावं म्हणून ब्लॉकच्या तोंडावर मार्करने उभ्या-आडव्या रेघा मारल्या, सपाट लोखंडी पाटीला पॉलिश पेपर चिकटवला, तेलाचे चार थेंब सोडले आणि घासायला लागला. त्याच्या उस्तादाचा एकच नियम होता: वीस फेऱ्या झाल्या की पलीकडे जायचं. माणसाचा उजवा हात जास्त दाबतो, आणि ते त्या माणसाला कधीच कळत नाही. पण ब्लॉक ठेवला होता भिंतीला चिकटून. तो ओढायचा, फिरायचं, पुन्हा ओढायचं, एवढा वेळ कुणाला होता? मिस्त्री एकाच बाजूने रेटत राहिला. अति घाई संकटात नेई, हे वाक्य त्याने स्वतः किती गाड्यांच्या मागे रंगवून दिलं असेल!

दुपारी बायको डबा घेऊन आली. रेघा सगळ्या गेल्या होत्या आणि तोंड आरशासारखं लखलखत होतं.

"झालं?" तिने विचारलं. पाच दिवसांतला तो तिचा पहिला शब्द.

मिस्त्रीने नुकतीच सरळ पट्टी लावून पाहिली होती. उजव्या कोपऱ्यात पट्टीखाली मापाची पातळ पाती खुशाल आत-बाहेर करत होती. कोपरा जास्त घासून खाली उतरला होता. तसंच बसवलं तरी गॅस्केट दोन-तीन महिने धरलंही असतं. तिला काय कळणार होतं? 'झालं' म्हणायला तोंड उघडलं, आणि त्याच्या डोळ्यांसमोर वाफाळत्या व्हॅनपाशी चौकात मुलं मोजत उभी असलेली ती आली.

"नाही झालं," तो म्हणाला. "घाईत एकाच बाजूने घासलं. मीच वाकडं करून ठेवलं."

हात दाखवून अवलक्षण! आता ही तोंडसुख घेणार म्हणून तो मान खाली घालून उभा राहिला. बायकोने डबा खाली ठेवला.

"मग दुसऱ्या बाजूने कुणी धरलं तर?"

"तर सरळ येईल. पण कोण धरणार?"

"इथे दुसरं कोण दिसतंय तुम्हाला?"

दोघांनी मिळून ब्लॉक भिंतीपासून ओढला. नव्या रेघा तिने मारल्या. पाटीचं एक टोक त्याच्याकडे, एक तिच्याकडे.

"दाबू नकोस, नुसती सरकव."

"दाबताय तुम्ही."

"मी? मुळीच नाही."

"पेपर बघा, तुमच्याकडचाच काळा झालाय."

मिस्त्रीने पकड सैल केली. वीस फेऱ्या, मग बाजू बदल. बाजू बदलताना दोघं एकमेकांना धडकली तेव्हा ती पहिल्यांदा हसली. हसताना आकडा चुकला, त्यावरून भांडण झालं, आणि मिस्त्रीला इतकं हलकं वाटलं की ते भांडण तो आनंदाने हरला. ऊन उतरलं तेव्हा त्याने पट्टी लावली. पाती कुठेच शिरेना. चारी कोपरे, मग तिरकं. तिच्या हातात पाती देऊन तिलाही करायला लावलं.

"झालं," तो म्हणाला.

शनिवार-रविवार जोडणीत गेले. सोमवारी सकाळी व्हॅन एका दमात सुरू झाली आणि बायको निघाली. मिस्त्री दुकानाच्या दारात येरझारा घालत राहिला. एका गिऱ्हाइकाला त्याने चुकून दुसऱ्याच्याच गाडीची किल्ली दिली. दीड तासाने व्हॅन वळणावर दिसली तसा तो धावतच रस्त्यात गेला.

"सुई कुठवर गेली होती?"

"बघितलीच नाही."

"अगं, बघायची ना! नवीन जोडलेलं इंजिन आहे!"

"कशाला?" ती दार उघडून खाली उतरली. "तुम्ही झालं म्हणालात ना."