पल्याडची फळी

सकाळी सातला नाटे गावाहून दत्तादादाचा फोन आला. “नलू गेली गो...” एवढंच बोलला. नलिनी त्याची धाकटी बहीण, रत्नागिरीच्या कॉलेजात माझ्याच विभागात, शेजारच्या टेबलाशी बसणारी फिजिक्सची प्राध्यापिका. आजार तिने लपवला नव्हता, तरी मी बराच वेळ ओट्याशी तशीच उभी होते. त्याला आता दीड महिना झाला.

क्वांटम रडार हा तिचा ध्यास. साधं रडार रेडिओलहरींचा मारा करतं, हे मोजकेच फोटॉन, म्हणजे त्या लहरींचे सुटे कण, पाठवणार, असं ती समजावून सांगायची. ते फोटॉन एखाद्या वस्तूवर पडले की कुठल्या दिशेला किती विखुरतील, हे ती संगणकावर उभं करायची. तसलं यंत्र आमच्याकडे कुठून असणार? एक जुना संगणक आणि तिची चिकाटी. बाकीचे सपाट पत्र्याचं गणित करत. हिने बापाच्या होडीचा आकार घेतला.

तिचा लेख परदेशी नियतकालिकाने स्वीकारला, त्या रविवारी आम्ही दोघी नाट्याला गेलो. जाळं बाजूला सारून दत्तादादा लॅपटॉपसमोर बसला. पडद्यावर होडी रंगवलेली. जिथून जास्त फोटॉन परतणार, तो भाग लाल. तो बघत राहिला.

“बत्ती ह्या अंगाने मारलीस ना?”

“हो.”

“मग पल्याडची फळी कशी गो लाल?”

नलिनी हसायला गेली आणि थांबली... फोटॉन जिथे पोचूच शकत नाहीत, ती आडची बाजूही प्रोग्रामने हिशेबात धरली होती. सपाट पत्र्याला असा आडोसा नसतो, म्हणून ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

परतीच्या एसटीत मी म्हटलं, “छापून येऊ दे. दुरुस्ती मागाहून पाठव. तपासणाऱ्यांनाही दिसलं नाही ते.” बढतीच्या अर्जाला तो लेख लागणार होता.

“दादाला दिसलं ना,” ती म्हणाली.

सोमवारी तिने लेख मागे घेतला. त्या वर्षी बढती हुकली. विभागात कुजबुज झाली, ती तिने ऐकून घेतली आणि सगळा प्रोग्राम पहिल्यापासून लिहायला बसली. नवा लेख आला तो पुढच्या वर्षी, आधीपेक्षा कितीतरी भक्कम. आभारात पहिलं नाव दत्ताराम, मच्छीमार, नाटे. दादाला इंग्रजी येत नाही; मी बोट ठेवून त्याला ते दाखवलं.

तो प्रोग्राम तिने सगळ्यांना खुला करून दिला होता. त्याच्या पहिल्याच ओळीत लिहिलंय, ‘चूक सापडली तर कळवा’, आणि खाली तिचा नंबर. तो मोबाइल हल्ली दत्तादादाकडे असतो. गेल्या आठवड्यात त्याने मला कळवलं, “कुणी पोरगी विचारते, नलिनीमॅडम आहेत काय?” मी त्या मुलीशी बोलले; ती तोच प्रोग्राम वापरत होती. तिने दाखवलेली चूक बारीक होती, पण खरी होती. दोन दिवस बसून मी ती दुरुस्त केली. पहिल्या ओळीखालचा नंबर मात्र तिचाच ठेवलाय.