मी बांधलेला फेटा

कुणाला फेटा बांधताना पाहिलं की मी तिथून निघून जातो. जे घडलं त्यात माझाही हात आहे, हे आधीच सांगून टाकतो.

औरादच्या बाजारात मी बैलांचा सौदा करायचो. बापानं काही ठेवलं नव्हतं. दावणीचा प्रत्येक बैल मी जिभेच्या जोरावर कमावला. त्यातलाच एक पावसाळ्यात नदीला वाहून चालला होता. आगीच्या बंबावरच्या एका जवानानं दोर न बांधताच उडी घेतली आणि तो काढला. बंबावरच्या प्रमुखानं, जमादारानं, सगळ्यांसमोर त्याला झापलं. आम्हाला जमादाराचाच राग आला. पाराजवळ हलगी लावून मी माझ्या हातानं त्या जवानाला फेटा बांधला. तेव्हापासून तो प्रत्येक कामाला निघताना आधी गर्दी किती जमली ते बघायचा.

पुढच्या उन्हाळ्यात आमच्या विहिरीचं पाणी खोल गेलं. तेल इंजन वरून ओढेना, म्हणून सगळ्यांसारखंच आम्हीही ते आत, विहिरीतल्या ओट्यावर उतरवलं. एका सकाळी ते धुरानं कोंडून बंद पडलं. धाकटा भाऊ बघायला उतरला आणि ओट्यावरच कोसळला.

बंब आला तेव्हा भावाचा हात हलत होता. मी वरून स्पष्ट पाहिला.

जमादारानं आधी कंदील पेटवून आत सोडला. अर्ध्यात तो विझला; खाली हवाच नव्हती.

"कुणी उतरायचं न्हाई. पाणी मारा, लिंबाचे ढाळे दोराला बांधून खालीवर करा. हवा हलू द्या."

माझं डोकं फिरलं. "माझा भाऊ मरायलाय, अन् तुम्ही कंदील काय बघायलाव?"

"मरायलाय म्हणूनच बघायलोय, अण्णा. दोन मिनिटं थांबा."

पाल्याच्या फांद्यांचे ते ढाळे आत गेले, बंबाचं पाणी कठड्यावरून खाली फवारलं जाऊ लागलं. कंदील दुसऱ्यांदा सोडला तर मघापेक्षा बराच खाली जाऊन विझला. काम होत होतं. पण गर्दीला ते दिसत नव्हतं. एकजण ओरडला, "आरं, बैल काढलास, माणूस काढायला कामून भ्यायलास?"

लोक हसले. माझा भाऊ खाली पडलेला आणि लोक हसले. जवानानं माझ्याकडं पाहिलं. मी त्याला अडवलं नाही. जमादार "दोर बांध!" म्हणेपर्यंत तो ओल्या पायऱ्यांवरून धावत सुटला होता. तो मध्ये आल्यानं पाणी बंद करावं लागलं, ढाळे वर ओढावे लागले. ओट्याजवळ पोचताच तो धाडकन माझ्या भावाच्या अंगावर पडला.

आता खाली दोघं होते आणि हवा हलवायचं काम पुन्हा पहिल्यापासून. कंदील टिकला तेव्हा जमादार कमरेला दोर बांधून उतरला. अंगावरचा उचलल्याशिवाय खालचा निघणार नव्हता, म्हणून पहिल्यांदा जवान वर आला. जिवंत. त्यानंतर भाऊ आला. त्याचा हात आता हलत नव्हता.

तेरावा झाला आणि गावची चार माणसं घराच्या ओट्यावर येऊन बसली. जवान दवाखान्यातून परत आला होता.

"जीव धोक्यात घातला त्यानं. सत्कार करायचाय. फेटा तुमच्याच हातानं, अण्णा."

"जमादाराचा कामून न्हाई?"

"त्यानं काय केलं? कंदील धरून उभा होता."

मी त्यांच्या हातातला फेटा हिसकावून गोठ्यातल्या शेणात टाकला. "जीव त्यानं स्वतःचा पणाला लावला म्हणता? लावला माझ्या भावाचा. निघा हितून."

त्यांनी दुसरा फेटा आणला, दुसऱ्याच्या हातानं बांधला. हलगीचा आवाज माझ्या घरापर्यंत आला. जमादाराची त्याआधीच बदली झाली होती.

बाजारातल्या चहाच्या हाटेलात त्या जवानाचा फेट्यातला फोटो अजून आहे. लोकांना तो विहिरीनंतरच्या सत्काराचा वाटतो. नाही. तो पहिल्या, बैल काढला तेव्हाच्या सत्काराचा आहे. फेट्याचा शेव मी खोचतोय आणि कडेला माझा अर्धा हसरा चेहरा दिसतोय. मी त्या हाटेलात चहा पीत नाही.