बोटीच्या इंजिनाला पाच सवाष्णींचं तेल

मोर्शीला समुद्र नाही. ही गोष्ट ठाऊक असूनही माझ्या सासऱ्यांनी बोटीचं इंजिन विकत घेतलं.

मूर्तिजापूरच्या एका भंगारवाल्यानं ते कुठल्याशा बंदरातून उचलून आणलं होतं. आमचे सासरे, म्हणजे आबाजी, संत्र्याच्या बागेतल्या विहिरीसाठी इंजिन शोधतच होते. "समुद्रात चालते ते माह्या विहिरीवर नाई चालन का?" असं म्हणून त्यांनी ते ट्रकात घातलं. साठ-एकसष्टचा सुमार असेल. माझं लग्न नुकतंच झालं होतं. अमरावतीला राजापेठेत राहून मी शाळेत इतिहास शिकवायचो, आणि लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला जावई म्हणून मोर्शीला गेलो होतो. अंगावर सासरचं नवं कोरं पांढरं धोतर, गळ्यात जरीचा शेला!

आबाजींनी मला थेट बागेत नेलं.

"जवाईबुवा, याचं तेल बदलाचं हाय. तुमालेच जमन. तुमी तं बोटीत बसेल मानूस!"

(मी मुंबईला एकदाच लाँचमध्ये बसलो होतो. जाताना आणि येताना माझं डोकं काठाबाहेर होतं. पण लग्न ठरताना मी हा प्रवास जरा वाढवून सांगितला होता.)

बरं, हा पोरखेळ नव्हता. आंबिया बहार, म्हणजे हिवाळा सरतानाचा फुलोरा, धरायचा म्हणून संत्र्याची झाडं महिनाभर पाण्यावाचून ताणावर ठेवली होती. पानं पार मलूल झाली होती. आता पाणी द्यायलाच हवं होतं, नाहीतर त्या वर्षीचा बहार गेलाच! जुनी मोट आबाजींनी इंजिनाच्या भरवशावर आधीच मोडीत काढली होती. मला घाम फुटला, आणि खरं सांगतो, मजाही वाटायला लागली!

माझे मेव्हणे वसंतराव यांनी खालचा नट काढला. जुनं काळंकुट्ट तेल पातेल्यात आलं. नट परत बसवून मी ऐटीत नसराळं लावलं आणि नवं तेल ओतायला लागलो. तेल मोजायला इंजिनात एक लोखंडी पट्टी होती, तिच्यावर दोन खुणा. तेल त्या दोन खुणांच्या मध्ये राहिलं पाहिजे, इतकं मला भंगारवाल्याच्या सांगण्यावरून कळलं होतं. मी पट्टी पुसली, बुडवली, काढली. तेल बरोब्बर मधोमध!

"बस्स!" मी म्हणालो.

"बस्स म्हंजे?" मागून सासूबाई आल्या. त्यांच्यासोबत संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आलेल्या चार बायका, सगळ्या काळ्या चंद्रकळा नेसून. "पयल्याच दिवशी अर्धपोटी ठेवता त्याले? नवं काम हाय. पाच सवाष्णींचं तेल पडलं पायजे!"

"अहो, पण खूण..."

"नवरदेवाले तेल चढवतो तवा खूण पाह्यतो का आमी?"

इतिहासाचा मास्तर नसराळं धरून उभा राहिला. त्याच डब्यातल्या तेलाचा पहिला गडू सासूबाईंचा. दुसरा शेजारच्या काकूंचा. तिसरीनं जरा हात आखडता घेतला, तर चौथी म्हणाली, "काहून वं, तुह्या घरी तेलाचा दुकाळ पडला का?" मग तिसरीनंही गडू उपडा केला. पाचवीला कमी द्यावं तर ती रुसणार! पट्टी बुडवली तेव्हा दोन्ही खुणा तेलात गडप झाल्या होत्या.

आबाजींच्या कपाळावर आठी आली. "जवाईबुवा, जास्त तं नाई झालं? तुमी म्हनान तं काढून टाकतो."

सगळ्यांचे डोळे माझ्याकडे! सांगितलं असतं तर पाच सवाष्णींचा अपमान. मी घसा खाकरला.

"बोट पाण्यात हलते, तेल सांडू नये म्हणून तिथे कमी घालतात. इथे जमीन कुठे हलते? चालेल!"

"पाहा!" आबाजी खूश होऊन वसंतरावांना म्हणाले. "शिकेल मानूस!"

वसंतरावांनी हँडल मारलं. इंजिनानं दोन ढेकर दिले आणि सुरू झालं! पाटात पाणी खळाळलं! "आलं, आलं!" बायका ओरडल्या, आबाजींनी टोपी उडवली, मी शेला सावरत छाती काढली. तेवढ्यात पांढऱ्या धुराचा लोट निघाला. इंजिनाचा आवाज चढला, आणखी चढला, ते चौथऱ्यावर थयथय नाचायला लागलं!

"वसंता, बंद कर!"

"डिझल बंद केलं, बाबा! तरी चालूनच राहिलं!"

"काहून?"

"तेल पिऊन राहिलं ते! आपण घातलेलं!"

आणि तेलाचे फवारे उडाले! बायकांच्या चंद्रकळा काळ्याच, तिथे काही दिसेना. माझं धोतर मात्र क्षणात ठिपक्यांचं झालं. "जवाईबुवा, काई तं करा!" आबाजी ओरडले. मी वाकून पाहायला गेलो, आणि हवेच्या नळीनं माझा शेला सुर्रकन आत ओढला! अर्धा मीही आत जाणार होतो, तोच इंजिनाचा श्वास कोंडला. फुर्र, फुस्स! बंद!

"वा! शेल्याचा बी विचार नाई केला!" आबाजींनी मला मिठीच मारली. मी नम्रपणे मान खाली घातली. (मान वर होतच नव्हती. शेला अजून नळीत होता.)

मग वसंतरावांनी नळीतून शेला सोडवला आणि जास्तीचं तेल काढलं, अगदी खुणेपर्यंत. इंजिन पुन्हा लावलं. दिवस मावळायच्या आत शेवटच्या झाडापर्यंत पाणी पोचलं, आणि पुढे बहारही असा फुटला की मोर्शीभर वास! मला इतका आनंद झाला की धोतराचं दुःख विसरलो.

रात्री पंगतीला बसलो. सासूबाई गूळपोळी घेऊन आल्या. जावयानं ताटावर हात आडवा धरायचा आणि सासूनं आग्रह करून वाढायचंच, ही आमच्याकडची रीत. भूक तर कडकडून लागली होती. तरी रीतीप्रमाणे मी हात आडवा धरला.

"पुरे, पुरे!"

सासूबाई जागच्या जागी वळल्या. "बरं झालं सांगतलं, जवाईबुवा. जास्त घातलं तं काय होते, ते पाह्यलं आज!"

जावयानं पुरे म्हटलं की वाढायचं नाही, ही नवी रीत त्या घरात आजतागायत पाळली जाते. म्हणून मोर्शीला निघण्याआधी मी राजापेठेत घरीच जेवून घेतो. अगदी वरच्या खुणेपर्यंत!