तालमीची पेटी

रामनगरच्या बाजारात माझं छोटं दुकान आहे. बाहेर झेरॉक्सचं मशीन, आत मी. लोकांचे सरकारी अर्ज भरून देतो आणि मधल्या वेळात वेबसाइटी बनवतो. त्या नक्की कशा चालतात असं कुणी विचारलं की मी खुर्चीतून उठतो, कारण बसून सांगायची ती गोष्टच नव्हे.

पीएचपी नावाच्या भाषेत लिहिलेलं पान तुमच्या फोनमध्ये तयार होत नाही. ते लांब कुठंतरी सर्व्हर नावाच्या मोठ्या कॉम्प्युटरवर शिजतं आणि वाढलेलं ताट तेवढं तुमच्यापुढं येतं. त्या पीएचपीला लागणारं सगळं सामान एका कंटेनरमध्ये भरून ठेवायचं. नाटकवाल्यांची पेटी पाहिली आहे ना? मुकुट, मिशा, तलवार, पडद्याची दोरी. कुठल्याही गावात नेऊन उघडा, दरबार उभा! कंटेनर म्हणजे तीच पेटी. मोडली तर रडायचं नाही, तेच सामान भरून दुसरी उभी करायची. पण चालत्या नाटकात तिच्यात जे नवं पडेल, ते तिच्याबरोबरच जातं. टिकवायचं असेल तर पेटीबाहेर एक कपाट करून तिला जोडावं लागतं.

माझी अक्का, थोरली बहीण, दिग्गी गावात दिलेली. तिचे यजमान, आमचे दाजी, गावच्या नाटकातले कायमचे राजे. वर्षभर भातशेती आणि जत्रेला राज्य. दोन वर्षांमागं त्यांच्या घशात गाठ निघाली, बेळगावला ऑपरेशन ठरलं. आवाज राहील की जाईल, हे डॉक्टर सांगेनात. दाजींची नात गोव्यात वाढलेली. आजोबा राजा होतात हे तिनं नुसतं ऐकलं होतं.

अक्का मला, धाकट्या भावाला, म्हणाली, "तम्मा, ह्यांचं घोड्याचं भाषण कुठंतरी नीट ठेव की रं. पोरीला ऐकाय मिळंल."

"फोनवर पाठव तिला."

"फोनचा काय भरवसा? मागला वड्याच्या पाण्यात पडला न्हवं!"

घोड्याचं भाषण म्हणजे हरलेला राजा गड सोडताना आपल्या म्हाताऱ्या घोड्याचा निरोप घेतो, ते. घोडा म्हणजे घोंगडीखाली वाकलेले दोन बाप्ये. पुढचा विडी ओढायचा, त्यामुळं घोड्याच्या नाकातून धूर निघायचा. तरीही बायकांचे पदर डोळ्यांना लागायचे.

मी पान तयार केलं. फोनवर रेकॉर्ड करताना अक्का हमखास चुकते म्हणून दोन कंटेनर उभे केले. वरचं बटण 'तालीम', खालचं 'प्रयोग'. प्रयोगाच्या पेटीला कपाट जोडलेलं, तिथं गेलेला आवाज कायमचा राहणार. तालमीच्या पेटीला काहीच नाही. दुकान बंद करायच्या वेळेला, संध्याकाळी सातला, ती आपोआप मोडायची आणि कोरी उभी राहायची.

दाजींनी ते पुन्हा पुन्हा विचारून घेतलं. "रोज रिकामी हुतीया? मंजे कुणाकडंच राहत न्हाई?"

"कुणाकडंच नाही. कितीही चुका करा."

"बरं, बरं," म्हणाले आणि खुशीत सुपारी कातरू लागले.

बेळगावला निघायच्या आदल्या दिवशी सकाळी तालमीच्या पेटीत एक फाइल आली. पोचली का बघावं म्हणून मी ती स्पीकरवर लावली, आणि तसाच बसून राहिलो. मागं देवळातली घंटा आणि पुढं दाजी! असला आवाज मी त्यांच्या तरुणपणीही ऐकला नव्हता. दुकानात आलेल्या गिऱ्हाइकानं दोनदा हाक मारली, मग तोही कान देऊन उभा राहिला. कागद राहिला झेरॉक्सच्या काचेवर.

अक्कानं चुकीचं बटण दाबलं, अशी माझी खात्री. फोन लावला, तर दिग्गीत घराघरांत रेंज कुठली? वरच्या चढावर गेलं तरच फोन लागतो, फाइलही तिथूनच जाते.

दुपारी प्रयोगाच्या पेटीतही एक फाइल आली. तेच भाषण, पण आवाज थकलेला, घोड्याच्या मानेवर हात ठेवायच्या जागी फाटला आणि थांबला. मग हळूच अक्काचा आवाज. पुढचं सगळं तिनंच म्हटलेलं, चुलीपुढं बोलावं तसं साधं.

थोड्या वेळानं चढावरून तिचा फोन. "पोचलं काय?"

"पोचलं. पण सकाळचं काय भारी झालंय गं! ते तू चुकून तालमीत टाकलंस. थांब, मी उचलून कपाटात ठेवतो."

ती म्हणाली, "चुकून न्हाई. तू ऐकलास काय ते?"

तेव्हा मला त्यांचा रिवाज आठवला. दिग्गीच्या मंडळींचा पहिला प्रयोग देवाचा. देवळाकडं तोंड करून, पुढं एकही माणूस न बसवता करायचा. लोकांसाठी दुसरा. दाजी पहाटे आंघोळ करून देवळात उभे राहिले होते, आणि देवाला वाहून टाकायला, कुणाकडंच राहत नाही अशी जागा मी त्यांना आयती करून दिली होती. फोनमधूनही त्यांनी ते पुसायला लावलं होतं.

मग फोनवर दाजी आले, घसा बसलेला. "काय पावणं, देवाच्या पंगतीत बसला म्हणं?"

"दाजी, ते ठेवू द्या. नातीसाठी तरी."

"तिला खालच्या बटणातलं हाय की."

"खालच्यात आवाज फुटलाय तुमचा."

"फुटू दे. देवाला चांगलं वाढावं, मग घरच्यांनी जेवावं. तुझ्या आईनं शिकवलं न्हाई व्हय?"

पेटीतून कपाटात ठेवायला एका ओळीचं काम होतं. ती ओळ मी लिहिलीसुद्धा. उद्या हा माणूस मुका झाला तर, हे सारखं डोक्यात. कर्सर लुकलुकत होता. पण मी पुन्हा ऐकलंही नाही आणि ओळही चालवली नाही. सात वाजले. पेटी मोडली, नवी उभी राहिली. आत डोकावलो. कोरी.

ऑपरेशन नीट झालं. आवाज म्हणाल तर वाळक्या पानांवरून कुणी चालावं एवढाच उरला.

यंदा नात दिग्गीला आली होती. घरात रेंज नाही म्हणून तिनं चढावर जाऊन त्या पानावरचं भाषण फोनमध्ये उतरवून आणलं आणि ओसरीवर लावलं. आजोबांचा आवाज थांबला आणि आजीचा सुरू झाला, तशी पोरगी उठून आजीच्या सुरात सूर मिसळून शेवटपर्यंत म्हणाली. गोव्यात ऐकून ऐकून तोंडपाठ! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

दाजींनी मला जवळ ओढलं आणि कानात कुजबुजले, "बघ. तुझ्या अक्कानं माझी टाळी खाल्ली."

अक्काच्या कानाला ते बरोबर पोचलं. "मग मधीच थांबला कशाला?" ती म्हणाली, आणि त्यांच्या गळ्याभोवतीचा मफलर नीट करू लागली.