दुर्बिणीने दाखवलेली खोली

बल्बच्या कारखान्यात तिला सगळे दुर्बीण म्हणत. हे नाव पहिल्यांदा कुणी ठेवलं ते आता कुणाला आठवत नाही, पण ठेवलं ते अगदी चोख. चाळीस बल्बांच्या फळीवर एखाद्याची तार केसभर वाकडी असली, तरी ही लांबूनच हेरायची आणि खडूने फुली मारायची. बाकीच्या बाया एकेक बल्ब न्याहाळत असायच्या, तोवर हिची दुसरी फळी संपलेली असे. एकतीस वर्षं तिने हेच केलं. डोळ्यांत तेल घालून काम करणं म्हणजे काय, ते नव्या पोरींना शिकवायचं असलं की मुकादम सरळ तिच्याकडे बोट दाखवायचा.

त्या दुर्बिणीला आता दिसत नव्हतं. आणि हे तिने पोटच्या लेकीलासुद्धा सांगितलं नव्हतं.

सांगणार कशी? लेक वाईट नव्हती हो, पण तिचं एकदा ठरलं की ठरलं. आई अडुसष्टाव्या वर्षी एकटी राहते हेच तिला पटत नव्हतं. उद्या पडलीस-झडलीस तर लोक मलाच नावं ठेवतील, असं दर रविवारी ऐकवायची. डोळ्यांचं कळलं असतं, तर त्याच संध्याकाळी या दोन खोल्यांना कुलूप लागलं असतं आणि म्हातारीची रवानगी झाली असती जावयाच्या घरी, मधल्या खोलीतल्या दिवाणावर. दुर्बिणीला ते नको होतं. आपल्या घरात, आपल्या हाताने केलेला चहा प्यायचा, एवढंच तिचं जगाकडे मागणं होतं. फार होतं का ते?

म्हणून तिने सोंग आणलं होतं, आणि काय वठवलं होतं म्हणून सांगू! पलंगापासून मोरीपर्यंत सहा पावलं, मोरीपासून ओट्यापर्यंत चार. साखरेच्या डब्याला एक रबरबँड, मिठाच्या डब्याला दोन. रविवारी लेक आली की ही वर्तमानपत्र उघडून बसायची. एकदा ते उलटं धरलं होतं, पण लेकीचं डोकं फोनमध्ये होतं म्हणून बला टळली. तिन्हीसांजेला आठवणीने टेबलावरचा दिवा लावायची. तो लागला की नाही हे कळायला तिची एक युक्ती होती. कारखाना बंद पडला तेव्हा तिने जुन्या तारेच्या बल्बांचं एक खोकं घरी आणलं होतं, त्यातलाच बल्ब ती वापरायची. बल्बजवळ हळूच तळहात न्यायचा. ऊब लागली, म्हणजे दिवा लागला.

असं वर्षभर सुरळीत चाललं होतं. मग नात आली.

नात सिनेमाच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला होती. परीक्षेसाठी तिला एक माहितीपट करायचा होता आणि विषय घेतला होता आजीचा कारखाना. तो बंद पडून एकोणीस वर्षं झाली होती, पुढच्या महिन्यात पाडणार होते. त्याआधी आत जाऊन जागा ठरवायच्या होत्या, कॅमेरा कुठे लावायचा, आजीला कुठे बसवायचं. आजी, तूच चल, म्हणाली, तुझ्याइतकं तिथलं कुणाला माहीत आहे?

नाही म्हणायला गुडघे होते, पित्त होतं, निमित्तांना काय तोटा! पण दुर्बीण हो म्हणाली. कारण तिला तपासणीची खोली त्या सिनेमात हवी होती. त्या खोलीत पेटत्या बल्बांच्या फळ्यांसमोर बावीस बाया बसत. तिची धाकटी जाऊ तिच्या शेजारीच बसायची. जावेला चव्वेचाळिसाव्या वर्षी दिसेनासं झालं. कामावरून कमी करताना कंपनीने कागदावर कारण लिहिलं, वयोमान. चव्वेचाळीस म्हणजे वयोमान! बायांनी एकदा काळे चष्मे मागितले होते, तेव्हा काळ्या चष्म्यातून तुम्हाला दोष कसे दिसणार, म्हणून मुकादमाने हसण्यावारी नेलं होतं. जाऊ पुढे मुलाकडे राहिली, चार वर्षं भिंतीकडे तोंड करून बसली आणि गेली. आता ती खोलीच पाडली की झालं, ना कुणी पाहिलं ना कुणी ऐकलं. हे दुर्बिणीच्या मनाला फार लागलं होतं.

चोवीस तारखेला सकाळी तिघी निघाल्या. तिसरी म्हणजे नातीची मैत्रीण, कॅमेरा धरणारी. फाटकावरच्या पहारेकऱ्याने कुलूप काढून दिलं आणि साप-किरडू असेल, जपून जा, म्हणाला. गुडघ्यांची सबब सांगून दुर्बिणीने नातीचा दंड धरला होता. पण आत पाऊल टाकल्यावर ओढत नेत होती तीच. डावीकडे पाण्याची टाकी, पुढे दोन पायऱ्या, मग लांब पडवी. पायांना सगळं पाठ होतं.

पोरींना पहिलीच जागा आवडली. मोठं छप्पर उडालेलं, भिंतीतून झाड उगवलेलं आणि खाली फुटक्या काचांच्या ढिगावर ऊन चमचमतंय. कॅमेरावाली तर हरखूनच गेली. आजींना इथेच बसवू, म्हणाली, मागे ते झाड येईल. दुर्बिणीने नाक मुरडलं. ही तर माल बांधायची शेड, इथे बाप्ये गप्पा छाटायचे, इथे कसला आलाय सिनेमा, असं म्हणून तिने दोघींना पडवीतून पुढे काढलं.

तपासणीची खोली पार टोकाला होती. बाहेरचा उजेड मिसळू नये म्हणून तिच्या खिडक्या पहिल्यापासून विटांनी बुजवलेल्या. दार ढकललं तसा आतला कुबट वास अंगावर आला. कॅमेरावालीने मोबाइलची बॅटरी इकडेतिकडे फिरवली आणि तिचं तोंडच उतरलं. शेडच बरी होती, म्हणाली. "आजी, इथे उजेडच नाही. काळोखात काय शूट करणार?"

दुर्बीण हसली. पुष्कळ दिवसांनी मोकळं हसली.

"इथे उजेड नाही? अगं, या खोलीएवढा उजेड तुम्ही जन्मात पाहिला नसेल. डोळे मिटले तरी तो आत यायचा. रात्री घरी झोपल्यावरसुद्धा यायचा."

नात म्हणाली, थांबा, आपण दिवा आणलाय की. तिने पिशवीची चेन उघडल्याचं दुर्बिणीने ऐकलं, आणि तोवर ही चाचपडत भिंतीवरच्या फळीपर्यंत पोचली. होल्डर जागच्या जागी होते. त्यांच्यावरून बोटं फिरवताना तिला भडभडून आलं. इथे माझी जागा, ही तिसरी जावेची, ही कोपऱ्यातली त्या तोतऱ्या बाईची, असं सांगायचं होतं, पण पोरींना नीट दिसलं तरच त्याला अर्थ.

"लाव ना दिवा," ती म्हणाली. "मग दाखवते कोण कुठे बसायचं ते."

कुणी काही बोललं नाही. पोरींचं अडलं असेल असं तिला वाटलं. आजकालच्या वस्तू, जरा खुट्ट झालं की बिघडल्या. घरच्या सवयीने ती वळली, नातीच्या दिशेने हात पुढे केला आणि दिव्याच्या काचेवर अलगद तळवा टेकवला. काच गार होती.

"नाही लागलाय गं. तार गेली असेल. नापास."

त्या नव्या एलईडी दिव्यांना तार नसते आणि ते तसे तापतही नाहीत, हे तिला कोण सांगणार? जन्म बल्बांत गेला आणि एवढी गोष्ट तेवढी शिकायची राहिली. दिवा भक्क पेटलेला होता. तिच्या बोटांच्या फटींतून उजेड थेट तिच्या चेहऱ्यावर पडला होता आणि पापणी लवत नव्हती.

नातीने तिचा हात हातात घेतला.

"आजी, लागलाय."

दुर्बीण खाली जुन्या बाकावर बसली. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. कधीपासून, डॉक्टरला दाखवलं का, आईला का नाही सांगितलं, नात एकेक विचारत राहिली आणि मधेच रडायला लागली. दुर्बिणीने खरं ते सांगितलं. उजवा आधीच गेला होता, डावा गेल्या वर्षी गेला. डॉक्टर म्हणाला, उशीर झाला. आईला सांगितलं तर घर जाईल म्हणून नाही सांगितलं.

 कॅमेरावाली हळूच म्हणाली की आता सिनेमा याच खोलीत आहे, दुसरीकडे कुठे नाही. नात तिच्यावर खेकसली. मग डोळे पुसून आजीपुढे उकिडवी बसली. आपण शेडमध्येच करू, म्हणाली. उन्हात बस, चार आठवणी सांग, कुणाला काही कळायचं नाही. इथे केलं तर सगळं दिसेल, आणि परीक्षेच्या दिवशी आई पहिल्या रांगेत असणार.

"मी कुणाला सांगणार नाही, आजी. तू म्हणशील तसं."

मोह झाला तिला, का होऊ नये! तिने मागे हात नेला. डावीकडून तिसरा होल्डर बोटांना लागला. त्याच्यावर ती बराच वेळ बोट ठेवून होती.

"परीक्षा कधी आहे?"

"पुढच्या महिन्यात. वीसला."

तिने मनात हिशेब केला. सव्वीस दिवस.

"ही खोली घे," ती म्हणाली. "आणि सव्वीस दिवस तोंड बंद ठेव."

नातीने वहीत लिहिलं, त्याच आठवड्यात त्या खोलीत, त्या गार दिव्यासकट, सगळं शूटिंग उरकलं आणि शब्दाला जागली. त्या सव्वीस दिवसांत दुर्बिणीने दिवसातून तीनदा, चारदा चहा केला. झोप येईना म्हणून केला, वेळ जाईना म्हणून केला. दिवा मात्र लावला नाही, फक्त रविवारी लावला.

वीस तारखेला ती कॉलेजच्या हॉलमध्ये लेकीच्या शेजारी बसली. पडद्यावर काय दिसत होतं ते तिला कळलं नाही. आपलाच आवाज ऐकू आला, ही माझी जागा, ही जावेची, ही त्या तोतऱ्या बाईची, अशा बावीसच्या बावीस जागा. मग "नापास" ऐकू आलं आणि शेजारी लेकीने हुंदका दिला. टाळ्या पुष्कळ वेळ चालल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी लेक दोन पिशव्या घेऊन हजर. रागावली नाही, उलट गळ्यात पडून रडली, माझेच डोळे फुटले होते म्हणाली, आणि पदर खोचून कामाला लागली. भराभर सगळे डबे रिकामे केले, हे काय भलतंसलतं गुंडाळून ठेवलंयस म्हणत रबरबँड काढून टाकले. दुपारपर्यंत कुलूप लागलं.

मधल्या खोलीतला दिवाण मऊ होता. लेकीने कप आणून नीट तिच्या हातात दिला, सांडू नये म्हणून वर आपला हात धरून ठेवला. बरा झालाय ना, असं विचारलं.

"छान झालाय," दुर्बीण म्हणाली. साखर जास्त झाली होती.