ए आई, काकू! मोलोकाई बेटावरून आलेली हाक

सेवेला निघालेल्या माणसाने नम्र असावं म्हणतात. मी खिडकीची सीट मागून घेतली.

त्याचं झालं असं, आमच्या इथल्या, अमेरिकेतल्या पार्सिपनीच्या चर्चची मंडळी दर उन्हाळ्यात कुठे ना कुठे सेवेला जातात. यंदा हवाईतलं मोलोकाई बेट ठरलं. माझी नात रूथ कॉलेजात आहे. तिथल्या लहान मुलांना बायबलातल्या गोष्टी सांगायच्या म्हणून तिने सगळा हिवाळा बसून मोज्यांच्या बाहुल्या शिवल्या. योना, त्याला गिळणारा मोठा मासा, शिवाय दोन गाढवं. योनाच्या गोष्टीत गाढवं कुठली, ते तिला विचारा. माझा चांगला लोकरी मोजा त्या माशात गेला. मी म्हटलं, मोजा चालला तर मीपण चालले.

मुलगा म्हणाला, "आई, तू तिथे जाऊन करणार काय?"

"प्रार्थना करीन. ती बसून होते."

आमची पुढारी लिंडा, तिलाही हे पटलं. "ग्रॅनी विल प्रे," म्हणाली आणि माझ्यासाठी घडीची खुर्ची घेतली.

शेजारच्या आयझॅकला कुंड्यांना पाणी घालायला सांगून आम्ही निघालो. हा एकटा म्हातारा. कुंपणावरून रोज 'हाय' करतो, मीही 'हाय' करते, तिथे माझं इंग्रजी संपतं. घरात ये म्हटलं की त्याचं एकच, "नेक्स्ट टाइम."

जाणाऱ्यांनी ऐका. नेवार्कहून होनोलुलूपर्यंत दोन जेवणं सहज होतील एवढा प्रवास आहे आणि विमानात धड एकही होत नाही. दशम्या न्या. बेसन मात्र हातातल्या बॅगेत ठेवू नका. माझं पुडकं उघडून त्यांनी त्यावर कसलासा कागद फिरवला. मी म्हटलं, "पकोडा." तपासणारा हसला आणि सोडलं. होनोलुलूहून पुढचं विमान आपल्या वडाप जीपएवढं. त्यात बसण्याआधी काट्यावर बॅग ठेवायची, मग आपण उभं राहायचं. आकडा मोठ्याने वाचत नाहीत, ही चांगली रीत आहे. रूथने वाकून वाचला, ही वाईट.

बेटावर रस्त्याला सिग्नल नाही, एकही नाही. भाड्याच्या गाड्या मोजक्या, त्या आधीच सांगून ठेवा. वाणसामान बोटीने येतं, म्हणून दूध-अंडी अशी महाग की कोंबडीला नमस्कार करावा. सुकं सामान घरून नेलेलं बरं.

चर्च समुद्राला लागून, पांढरं, लाकडी. मागे पत्र्याचं स्वयंपाकघर आणि त्याच्या मागे काय असावं? अळू! गुडघाभर पाण्यात उभं, पानं सुपाएवढी. ही मंडळी त्याचे कंद शिजवून, कुटून जांभळट लगदा करतात, त्याला पोई म्हणतात. बोटांनी चाटून खायचा. दाराशी चपलांचा ढीग, मोठ्या बाईला सगळे आंटी म्हणणार. मला वाटलं विमान चुकून आमच्या नगरलाच उतरलं.

आणखी एक गंमत. हे लोक आमच्या नगरच्या मंडळीसारखेच पणजोबांपासून विश्वासातले. त्यांच्याकडेही अमेरिकेचे मिशनरी जहाजाने आले, आमच्याकडेही. आता मी त्यांना येशूची ओळख करून द्यायला आलेली. ते म्हणाले असते, "बाई, आम्ही ओळखतो त्यांना."

पहिल्याच दुपारी मी खुर्चीत प्रार्थना करत होते. डोळे मिटलेले होते एवढं खरं. तेवढ्यात स्वयंपाकघरातल्या लेइ आंटी बाहेर आल्या, पदराला, म्हणजे एप्रनला, हात पुसले आणि खणखणीत ओरडल्या, "ए आई काकोऊ!"

मी ताडकन उठले. नगरच्या घरी माझी पोरं मला आई म्हणायची, दिराची पोरं काकू. सगळ्यांना एकदम भूक लागली की अंगणातून हाक यायची, "ए आई, काकू!" ही हाक ऐकून किती वर्षं झाली. इथे कुणी सांगितलं यांना? रूथनेच सांगितलं असणार, गुणाची पोर. गेले. लेइ आंटींनी ताट पुढे केलं. अळूच्या पानात गुंडाळून वाफवलेलं डुकराचं मटण. अहाहा! संध्याकाळी पुन्हा हाक, पुन्हा मी हजर. दुसऱ्या दिवशी तर हाकेआधीच चपला काढून बसले.

आमची बाकीची मंडळी मात्र व्हॅनच्या आडोशाला पाकिटातल्या ओट्सच्या सुक्या वड्या चघळायची. लिंडाची सक्त ताकीद होती, आपण द्यायला आलोय, या लोकांच्या अन्नावर भार टाकायचा नाही.

आणि रूथच्या वर्गाला एक मूल आलं नाही. पहिल्या दिवशी नाही, दुसऱ्या नाही, तिसऱ्या दिवशी, शनिवारीही नाही. चटया अंथरलेल्या, पडदा बांधलेला, आणि पडद्यामागे माझी नात हातात मासा घालून बसलेली. आता राहिला होता फक्त रविवार. सोमवारी आमचं विमान.

"दे डोंट वॉन्ट अस, आजी," म्हणाली. डोळे पुसले तेही माशानेच.

त्याच शनिवारी ती मला शोधत स्वयंपाकघरात आली. मी दोन बोटांनी पोई चाटत होते.

"आजी! तू इथे जेवतेस?"

"मग? मला नावाने हाक मारतात."

"कुठलं नाव?"

तेवढ्यात लेइ आंटी दाराशी जाऊन ओरडल्याच. मी म्हटलं, "ऐकलंस?"

रूथने त्यांना काहीतरी विचारलं आणि मग भिंत धरून हसायला लागली. "आजी, इट मीन्स 'चला, सगळे जेवूया'! एव्हरीबडी! तुला एकटीला नाही!"

माझा हात ताटातच थांबला. म्हणजे मी न बोलावता तीन दिवस चापून जेवले? नगरात असते तर वर्षभर सांगितलं असतं लोकांनी.

लेइ आंटी मात्र हसल्या नाहीत. त्या जे बोलल्या ते रूथने मला मराठीत सांगितलं. "मी रोज सगळ्यांना बोलावते. तुमच्यातली ही एकटी आली. जी माणसं आमच्या ताटाला हात लावत नाहीत, त्यांच्याकडे पोरं कशी पाठवायची?"

रूथ लगेच लिंडाकडे पळणार होती. मी म्हटलं, थांब. लिंडाला समजवायला गेलं की ती मीटिंग घेते. मी लेइ आंटींकडे अळूची पानं मागितली, माझं बेसन काढलं, चिंच होतीच. पानांना लेप लावून गुंडाळायला लागले तशा त्या शेजारी येऊन बसल्या. घशाला खाज सुटू नये म्हणून पान नीट शिजायला हवं, हे त्यांनी मला खुणेने बजावलं आणि मी त्यांना. दोघींनाही राग आला नाही.

वड्या तळून झाल्यावर मी व्हॅनपाशी गेले. "लिंडा, प्रेयर मीटिंग. किचन. कम, ऑल कम."

आली बिचारी, बायबल घेऊन, सगळ्यांना घेऊन. खोटं नव्हतं हो. जेवणाआधी लेइ आंटींनी प्रार्थना केली, चांगली लांबलचक, वड्या निवेपर्यंत. मग त्यांनी लिंडाच्या हातात ताट दिलं आणि दारात उभ्या राहिल्या. पळायला वाट नव्हती. तिसरी वडी उचलताना लिंडा मला म्हणाली, "ग्रॅनी, यू आर ट्रबल." मी म्हटलं, "थँक्यू."

रविवारी चटया पुरल्या नाहीत. माशाने योनाला गिळायला तोंड उघडलं आणि पोरं एका सुरात ओरडली, "ए आई काकोऊ!" पडदा हलायला लागला. मागे रूथ हसत होती. माझ्या मोज्याचं सोनं झालं.

येताना अळूची पानं आणायचा विचार करू नका. विमानतळावर काढून घेतात. विचारा मला.

घरी आल्यावर पहिल्या संध्याकाळी पोळ्या झाल्या आणि माझ्या तोंडून आपोआप तीच हाक गेली, खिडक्या उघड्या असताना. रूथ एरवी ताट घेऊन वरच्या खोलीत जाणारी पोर, ती खाली येऊन टेबलाशी बसली. मग मागच्या दारावर टकटक झाली. आयझॅक, हातात पाण्याची झारी.

"यू कॉल्ड मी?"

आयझॅक आणि आई काकोऊ, कुंपणापलीकडून सारखंच ऐकू येत असावं. रूथ त्याला अर्थ सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात मी टेबलाखाली तिच्या पायावर पाय दिला.

"येस," मी म्हटलं, "कम," आणि बूट कुठे काढायचे ते बोटाने दाखवलं.